सेकंदाला आठ हजार ठोके

१५५.५२ हा आकडा दूरसंचार क्षेत्रातल्या जुन्या अभियंत्यांना पाठ असतो. प्रकाशतंतूंच्या जाळ्यातला तो पायाचा वेग आहे: सेकंदाला १५५.५२ मेगाबिट. भारतात आणि युरोपात त्याला एसटीएम-१ म्हणतात, अमेरिकेत ओसी-३. हाच आकडा, एकही अंक न बदलता, संगणकाच्या मदरबोर्डवर पुन्हा भेटतो. ओसी-१२ ही याच्या चौपट वेगाची जोडणी, ६२२.०८ मेगाबिटची. त्याला आठाने भागले की ७७.७६ मेगाबाइट होतात. डेटा येतो तसा जातोही, म्हणून दुप्पट करायचे. उत्तर येते सेकंदाला १५५.५२ मेगाबाइट. १९९० च्या दशकातल्या संगणकात कार्ड बसवायला पीसीआय स्लॉट असे. त्याची कागदावरची कमाल क्षमता १३३ मेगाबाइट, आणि तीही सगळ्या कार्डांत वाटून घ्यायची. म्हणजे ओसी-१२ चे कार्ड त्या स्लॉटमध्ये बसेल, दिवाही लागेल. पण दोन्ही बाजूंनी जोडणी भरून वाहू लागली की संगणक मागे पडेल.

६२२ आणि १३३ हे आकडे नुसते शेजारी ठेवले तर जाळे संगणकाच्या जवळजवळ पाचपट वेगवान वाटते. एकक सारखे केले की कळते, एकाच दिशेने डेटा चालला असेल तर पीसीआयला तो सहज पेलतो. अडचण येते ती दोन्ही दिशा भरल्यावर, आणि तेव्हाही तूट साधारण सातव्या हिश्शाची असते. जुना संगणक मोडीत काढायचा की त्याच्याकडून आणखी काही वर्षे काम घ्यायचे, हा निर्णय अशा हिशेबावर अवलंबून असतो.

प्रकाशतंतूंवरचा वेग आणि जुन्या यंत्रभागांचा वेग एकमेकांत कसा बदलून मांडायचा, हा या पुस्तिकेचा विषय. वरवर पाहता काम आठाने भागण्याचे आहे. प्रत्यक्षात त्या भागाकाराच्या आधी आणि नंतर काही पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीला इतिहास आहे. वेगाचा कोणताही आकडा कुणीतरी, कशासाठी तरी मोजलेला असतो. मोजणारा कोण हे कळले की रूपांतर सोपे होते. ते न पाहता केलेला हिशेब बहुधा चुकतो.

एकके बदलण्याचा अनुभव मराठी घरांना नवा नाही. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे आले, तेव्हा एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे असा हिशेब करावा लागे. सव्वासहा पैशांचे नाणे नव्हते. म्हणून एका आण्याचे सहा पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस असे कोष्टक ठरले. भागाकार एकच असला तरी उरलेला तुकडा कुठे जातो, हे कोष्टकच सांगत होते. डेटाच्या वेगातही असे तुकडे उरतात, आणि ते कुठे जातात हे पाहणे हाच या विषयाचा गाभा आहे.

सुरुवात टेलिफोनपासून करावी लागते. माणसाचे बोलणे तारेवरून नेताना टेलिफोन कंपन्यांनी सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा राखला; बोलणे समजायला तेवढा पुरतो. आवाजाची ठरावीक अंतराने मोजमापे घेऊन तो आकड्यांच्या रूपात पाठवण्याची कल्पना अ‍ॅलेक रीव्ह्ज या ब्रिटिश अभियंत्याला १९३७ मध्ये पॅरिसमध्ये काम करताना सुचली. पट्ट्याच्या वरच्या टोकाच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप घेतले तर मूळ आवाज पुन्हा उभा करता येतो. टेलिफोनवाल्यांनी वरचे टोक ऐसपैस ४,००० हर्ट्झ धरले आणि सेकंदाला ८,००० मोजमापे ठरवली. प्रत्येक मोजमापाला ८ बिट. गुणाकार ६४,००० बिट. एका संभाषणाला लागणारी ही जागा पुढे साऱ्या जगाच्या जाळ्याची वीट झाली.

अमेरिकेत १९६२ मध्ये अशी २४ संभाषणे एका जोडणीवर घालणारी टी-१ पद्धत आली: १.५४४ मेगाबिट. युरोपने ३२ घरांची ई-१ पद्धत घेतली: २.०४८ मेगाबिट. भारतानेही हीच स्वीकारली. ई-१ मधली ३० घरे बोलण्याला मिळतात. एक ताळमेळ राखण्यासाठी आणि एक घंटी, डायल अशा खुणांसाठी राखून ठेवलेले असते. ही घरे सेकंदाला ८,००० वेळा भरतात आणि रिकामी होतात. टेलिफोनच्या जाळ्याला जणू नाडी मिळाली, आणि तिचा ठोका १२५ मायक्रोसेकंदांचा ठरला.

प्रकाशतंतू आले तेव्हा तारेची जागा काचेने घेतली, पण ठोका तोच राहिला. १९८८ च्या सुमारास अमेरिकेत सोनेट आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर एसडीएच ही मानके निश्चित झाली. एसटीएम-१ ची एक फ्रेम म्हणजे ९ ओळी आणि २७० स्तंभांचा तक्ता. प्रत्येक चौकोनात एक बाइट. एकूण २,४३० बाइट. अशा ८,००० फ्रेम एका सेकंदात जातात. २,४३० गुणिले ८ गुणिले ८,००० केले की १५,५५,२०,००० बिट येतात. विचित्र वाटणारा १५५.५२ हा आकडा असा घडला. त्यातला अपूर्णांक कुणी मुद्दाम घातलेला नाही. तक्त्यातला प्रत्येक चौकोन ६४ किलोबिटचा, म्हणजे एका फोनसंभाषणाचा आहे.

मोडेमवर छापलेला ५६ किलोबिट हा वेगही याच घराण्यातला. १९९८ च्या व्ही.९० मानकाने टेलिफोन एक्स्चेंजची तीच ८,००० मोजमापे वापरली, मात्र आठपैकी सातच बिट भरवशाचे धरले. सात गुणिले आठ हजार, छप्पन्न हजार.

भारतात प्रकाशतंतू आणि मोडेम या दोन टोकांमधली दरी एकेकाळी फार मोठी होती. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा डायल-अप ग्राहकाच्या वाट्याला ९.६ किलोबिटचा वेग येई. दोनच वर्षांनी, १९९७ मध्ये, ब्रिटनपासून जपानपर्यंत जाणारी फ्लॅग ही समुद्राखालची केबल सुरू झाली. ती मुंबईलाही जोडलेली होती. तिच्यात तंतूंच्या दोन जोड्या आणि दर जोडीला ५ गिगाबिटची क्षमता. किनाऱ्यावर गिगाबिट, घरात किलोबिट. या दोहोंच्या मध्ये एक्स्चेंज, ई-१ च्या जोडण्या, मोडेम, सीरियल पोर्ट आणि शेवटी संगणकाचा स्लॉट अशी साखळी होती. तिच्यातल्या प्रत्येक कडीचा वेग वेगळ्या एककात लिहिलेला असे.

पहिला फरक बिट आणि बाइटचा. तारेवरून एकामागून एक चिन्ह जाते, म्हणून तार खात्याच्या काळापासून जाळेवाल्यांनी चिन्हे मोजली, पुढे बिट मोजले. संगणक स्मृतीतून अक्षरे उचलतो, म्हणून संगणकवाल्यांनी अक्षरांचा गठ्ठा मोजला. त्या गठ्ठ्याला बाइट हे नाव १९५६ मध्ये आयबीएमच्या वेर्नर बुखहोल्ट्झ यांनी दिले. तेव्हा बाइट आठच बिटांचा असे काही ठरलेले नव्हते. आपल्याकडे पायली-शेराची मापे मुलुखागणिक बदलत, तसा बाइटही यंत्रागणिक बदले. १९६४ च्या आयबीएम सिस्टिम/३६० पासून आठ बिटांचा बाइट रूढ झाला. दूरसंचाराच्या मानकांत आजही बाइटऐवजी ‘ऑक्टेट’, म्हणजे आठांचा गट, हा शब्द दिसतो, तो हा घोळ टाळण्यासाठी.

बाइट आठ बिटांचा झाला तरी दर वेळी आठाने भागून चालत नाही. जुन्या सीरियल पोर्टवर प्रत्येक बाइटच्या आधी एक सुरुवातीचा आणि शेवटी एक थांब्याचा बिट जातो. एका बाइटला दहा बिट लागतात. म्हणून १,१५,२०० बिटचा पोर्ट सेकंदाला ११,५२० बाइटच देतो. आठाने भागून येणारे १४,४०० हे उत्तर चूक. पुढच्या पिढीत दहाचा हा हिशेब वेगळ्या कारणाने परत आला. सलग शून्ये किंवा सलग एक जात राहिले तर घेणाऱ्या टोकाला घड्याळ जुळवता येत नाही. म्हणून आठ बिटांचे दहा बिटांत रूपांतर करून पाठवण्याची सोय निघाली. आयबीएमच्या विडमर आणि फ्रानासेक यांनी ती १९८३ मध्ये मांडली. साटा डिस्कचा १.५ गिगाबिट वेग १५० मेगाबाइट होतो आणि पहिल्या पीसीआय एक्स्प्रेसच्या एका मार्गिकेचा २.५ गिगाबिटचा वेग २५० मेगाबाइट होतो, तो याच कारणाने. प्रकाशतंतूवरच्या गिगाबिट इथरनेटमध्ये तारेवर सेकंदाला १.२५ अब्ज चिन्हे धावतात, पण कंपनी वेग छापते १ गिगाबिट. तिथे जादा बिट आधीच वजा केलेले असतात. साटाच्या खोक्यावर ते वजा केलेले नसतात. एकाच कामाचे दोन आकडे, दोन रिवाज.

दुसरा फरक हजाराचा. जाळ्यातला किलो म्हणजे नेमके १,०००. संगणकाच्या स्मृतीचा हिशेब दोनाच्या घातांत चालतो, तिथे किलो म्हणजे १,०२४. मेगापर्यंत हा फरक ४.८६ टक्के होतो, गिगापर्यंत ७.३७ टक्के. डिसेंबर १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १,०२४ च्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावे दिली. रोजच्या वापरात ती फारशी रुजली नाहीत. या गोंधळाचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे साडेतीन इंची फ्लॉपी. तिच्यावर १.४४ एमबी छापलेले असे. तिच्यात १४,७४,५६० बाइट मावतात. हजाराच्या मापाने हे १.४७ होतात, १,०२४ च्या मापाने १.४१. १.४४ हे उत्तर येण्यासाठी एकदा १,००० ने आणि एकदा १,०२४ ने भागावे लागते.

तिसरा फरक गाडी आणि मालाचा. एसटीएम-१ च्या २७० स्तंभांपैकी ९ स्तंभ जाळ्याच्या देखभालीचे आणि एक वाटेच्या नोंदीचा. मालाला २६० स्तंभ उरतात, म्हणजे १४९.७६ मेगाबिट. १९९० च्या दशकात या जोडणीवर बहुधा एटीएम पद्धतीने डेटा जाई. त्यात ५३ बाइटचा एक डबा, पैकी ५ बाइट पत्त्याचे आणि ४८ बाइट मालाचे. अमेरिकेला मालासाठी ६४ बाइट हवे होते, युरोपला ३२. तडजोडीत ४८ ठरले. १४९.७६ ला ४८ ने गुणून ५३ ने भागले की उरतात १३५.६३ मेगाबिट, म्हणजे जेमतेम १७ मेगाबाइट. खोक्यावरचे १५५.५२ खोटे नाहीत. ते गाडीचे वजन आहे, मालाचे नाही.

हे तीनही फरक एकाच वेळी पाहायचे असतील तर एक भरलेली सीडी-रॉम घ्यावी. तिच्यात १,०२४ च्या मापाने ६५० मेगाबाइट, म्हणजे ६८,१५,७४,४०० बाइट. सर्वांत पहिल्या, एकपट वेगाच्या सीडी ड्राइव्हला ती वाचायला ७४ मिनिटे लागत. ५६ किलोबिटच्या मोडेमवरून पूर्ण वेगाने पाठवली तरी २७ तास. यूएसबी १.१ च्या १२ मेगाबिटवर किमान साडेसात मिनिटे. पीसीआयच्या आधीच्या आयसा स्लॉटचा कागदावरचा वेग सुमारे ८.३३ मेगाबाइट, तिथून जायला दीड मिनिटाच्या आत-बाहेर. ३३ मेगाबाइटच्या अल्ट्रा डीएमए डिस्कला २० सेकंद. एसटीएम-१ च्या मालाच्या वाटेने ३६ सेकंद. म्हणजे कागदावर एसटीएम-१ चा वेग डिस्कपेक्षा कमी होता, आयसा स्लॉटपेक्षा जास्त. आयसा कार्डाच्या संगणकाला एसटीएम-१ जोडणे व्यर्थ होते, अल्ट्रा डीएमए डिस्कच्या संगणकाला ते शोभले असते. असे निष्कर्ष एककांची नावे पाहून निघत नाहीत. सगळे एका मापात आणल्यावरच निघतात.

महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांना संगणकाच्या स्लॉटची एक खास ओळख होती. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकाच्या स्लॉटमध्ये बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. त्या काळच्या इस्की मानकात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एका बाइटमध्ये मावे. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ मध्ये त्याच चिन्हाला तीन बाइट लागतात. दोन हजार चिन्हांचे मराठी पान तेव्हा दोन हजार बाइटचे होते, आज सहा हजारांचे आहे. ९,६०० बिटच्या सीरियल तारेवर, दहाने भागून, जुने पान दोन सेकंदांत जाईल, नवे सहा सेकंदांहून अधिक घेईल. तार तीच आणि मजकूरही तोच आहे.

वेग जुळवण्याचा एक भाग कागदावर होतो, दुसरा यंत्रात. कुर्डुवाडीला १८९७ पासून बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी मोठ्या रुळांना येऊन मिळे. दोन्ही रुळांची रुंदी वेगळी, म्हणून डबे पुढे जाऊ शकत नसत. माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. तिथे फलाटावर जागा किती, यावर सगळा ओघ अवलंबून असणार. संगणकात फलाटाचे हे काम बफर करतो. आयबीएम पीसीच्या सीरियल पोर्टमधल्या ८२५० या चिपमध्ये आलेला एकच बाइट थांबू शके. १,१५,२०० बिटच्या वेगाने दर ८७ मायक्रोसेकंदांना नवा बाइट येतो. तेवढ्यात प्रोसेसरने आधीचा उचलला नाही तर तो पुसला जातो. पुढच्या १६५५०ए चिपने सोळा बाइटची जागा दिली आणि प्रोसेसरला सुमारे १.४ मिलिसेकंदांची उसंत मिळाली. तारेचा वेग बदलला नाही, तरी मोडेमवरून हरवणारी अक्षरे थांबली. रूपांतराच्या कोष्टकात ही बाब दिसत नाही, म्हणून पुस्तिकेत तिला स्वतंत्र प्रकरण आहे.

हा विषय फक्त आठवणींचा नाही. कारखान्यांतली अनेक जुनी सीएनसी यंत्रे आजही सीरियल तारेने प्रोग्रॅम घेतात. कारखान्यात गिगाबिटचा फायबर आला, तरी ९,६०० बिटच्या पोर्टवरून दहा लाख बाइटचा प्रोग्रॅम उतरायला सव्वासतरा मिनिटे लागतात. ‘थांब’ आणि ‘पाठव’ असे सांगणारी दोन नियंत्रक अक्षरे यंत्र मधूनमधून परत धाडते, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ वाढतो. फायबर वेगवान केल्याने यात एका सेकंदाचीही बचत होत नाही. पोर्टचा वेग वाढवला, किंवा प्रोग्रॅम यंत्राजवळच साठवायची सोय केली, तरच होते. ज्याने हिशेब केला तो पैसे योग्य जागी घालतो.

गावपातळीवरही हीच गोष्ट आहे. भारतनेट योजनेचे मूळ २०११ च्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर योजनेत आहे. ग्रामपंचायतींपर्यंत १०० मेगाबिटचा फायबर नेणे हे तिचे उद्दिष्ट. तिथल्या जुन्या संगणकाचे नेटवर्क कार्डही १०० मेगाबिटचे असेल, तर कागदावर जोडी जुळली. तरी डाउनलोडच्या खिडकीत ११ च्या आसपासचा आकडा दिसतो आणि कर्मचाऱ्याला वाटते, नऊ दशांश वेग कुठेतरी गळाला. तसे काही झालेले नसते. १०० मेगाबिटचे साडेबारा मेगाबाइट. इथरनेटच्या प्रत्येक पूर्ण भरलेल्या पाकिटात तारेवर १,५३८ बाइट जातात, मालाचे १,४६० च असतात, उरतात ११.८७. खिडकी १,०२४ च्या मापाने मोजत असेल तर ११.३. जोडणी पूर्ण वेगाने चाललेली आहे. तोच संगणक यूएसबी १.१ च्या जुन्या अ‍ॅडॅप्टरने जोडलेला असेल तर मात्र तक्रार करायला हवी, कारण १२ मेगाबिटच्या दाराने १०० मेगाबिट आत येऊ शकत नाहीत.

घरोघरी येणारा फायबर बहुतेक ठिकाणी जीपॉन पद्धतीचा आहे. त्याचा घराकडे येणारा वेग २.४८८३२ गिगाबिट, आणि तो एकाच तंतूवरच्या अनेक घरांत वाटला जातो. हा वेग एसटीएम-१ च्या बरोबर सोळापट आहे. जीपॉनची एक फ्रेम ३८,८८० बाइटची आणि तिला लागतो तोच १२५ मायक्रोसेकंदांचा वेळ. टेलिफोनवरचे बोलणे आज फायबरमधल्या डेटाचा नगण्य भाग उरले आहे, पण त्याच्यासाठी ठरलेला ठोका घरातल्या राउटरजवळच्या छोट्या पांढऱ्या डबीत अजून चालू आहे.

पुढच्या पानांत कोष्टके आहेत आणि सोडवलेली उदाहरणेही. वाचकांनी प्रत्येक आकड्यापुढे चार गोष्टी स्वतःच्या हाताने लिहून पाहाव्यात: बिट की बाइट, हजार की एक हजार चोवीस, गाडी की माल, एक दिशा की दोन्ही. त्यासाठी कागद आणि पेन्सिल पुरे. घरात एखादा जुना मोडेम, सीडी ड्राइव्ह किंवा पीसीआय कार्ड अडगळीत पडले असेल तर ते शेजारी घेऊन बसावे. त्यावर छापलेले आकडे सरावाला उत्तम आहेत. पहिल्या प्रकरणाची सुरुवात ६४ किलोबिटपासून होते.